सदनिकेआधी इमारत पाहायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत नव्या गृहप्रकल्पांची माहिती नियमितपणे येते. परंतु नोकरी करून पंधरा-वीस लाख रुपये बाजूला टाकलेला आणि दरमहा भाड्याचे उत्पन्न सुरू व्हावे म्हणून पहिल्यांदाच घर शोधणारा वाचक त्या प्रकल्पांपर्यंत सहसा पोहोचत नाही. त्याचे पैसे जिथे पुरतात त्या इमारती वेगळ्या असतात. पुण्यात सहकारनगर, धनकवडी, कर्वेनगर किंवा मुंबईच्या बाजूला ठाणे, डोंबिवली येथील तीस-चाळीस वर्षे जुन्या, लिफ्ट नसलेल्या, तीन-चार मजली इमारतीतला एखादा वन बीएचके त्याला दाखवला जातो. त्याच्या भिंतींना ओल असते, मोरीची फरशी उखडलेली असते आणि म्हणूनच तो आसपासच्या भावापेक्षा चार-पाच लाखांनी स्वस्त सांगितला जातो. अशा घराबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते आणि माहितीअभावी होणारे नुकसान मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

निमित्त घरातलेच आहे. गेल्या महिन्यात माझा भाचा आणि त्याची पत्नी एक बेत घेऊन माझ्याकडे आले. “मावशी, जुना फ्लॅट स्वस्तात घ्यायचा, चार लाखांत नवा करून टाकायचा, भाड्याने द्यायचा, भाड्यातून हप्ता फेडायचा आणि चार वर्षांनी दुसरा घ्यायचा,” असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतल्या घरांच्या अशा चित्रफिती त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २९ वर्षे काम केले असून त्यातला बराच काळ घरतारण कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेला आहे, शिवाय असा एक फ्लॅट मी स्वतः घेतलेला आहे. त्यामुळे त्या दोघांना जे सांगितले, ते इतर तरुणांपर्यंतही पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

त्या चित्रफितींतले घर स्वतःच्या जमिनीवर स्वतंत्र उभे असते. त्याचे छप्पर, त्याचा पाया, त्याची सांडपाण्याची नळी आणि खालची जमीन हे सारे एकाच मालकाचे असल्यामुळे मालकाने पैसे घातले की घर सुधारते आणि घर सुधारले की किंमत वाढते. आपल्या शहरांतल्या फ्लॅटची गोष्ट तशी नाही. आपल्या मालकीचा असतो तो भिंतींच्या आतला भाग; गच्ची, स्लॅब, खांब, डक्टमधले पाइप, पाण्याच्या टाक्या आणि जमीन हे सगळे सामाईक असते आणि त्याविषयी आपल्याला सर्वसाधारण सभेत एक मत असते. रंग, फरशी, ओटा, नळ, वायरिंग ही आपल्या हातातली कामे आहेत आणि खरे तर तीच सर्वांत सोपी आहेत. भाडेकरू टिकेल की नाही आणि दहा वर्षांनी घराला काय भाव येईल, हे मात्र आपल्या दाराबाहेरच्या गोष्टी ठरवतात. नवखा माणूस दाराच्या आत एक तास घालवतो आणि जिन्यावरून उतरताना वरही पाहत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. २०१२ साली मी पुण्यात १९७९ सालच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरचा ५१० चौरस फुटांचा फ्लॅट घेतला. मूळ मालकांची मुले परदेशी स्थायिक झालेली, घर दोन वर्षे बंद, छताला ओलीचे डाग, आणि त्यामुळे भावात सुमारे अडीच लाखांची सूट मिळाली. मी फेब्रुवारीत काम काढले. गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसी पाइप टाकले, सगळी वायरिंग बदलली, कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा केला, संडास-मोरीची फरशी उखडून वॉटरप्रूफिंगसह नवी बसवली, छताला पुट्टी भरून रंग दिला. एप्रिलमध्ये सहा महिन्यांचे बाळ असलेले एक तरुण जोडपे राहायला आले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात निजायच्या खोलीचे छत पाझरू लागले, पोपडे सुटले आणि ऑगस्टमध्ये एका रात्री गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा पाळण्यापासून दोन हातांवर पडला. सुदैवाने कोणाला लागले नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्यांची अनामत रक्कम परत केली आणि त्यांना दुसरे घर शोधून दिले. पण त्या आईचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी हातोडीने छत ठोकून पाहिले. निम्म्या खोलीत पोकळ, बद्द आवाज येत होता. गच्चीवरच्या जुन्या कोब्याला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या वरच्या थराला, भेगा पडल्या होत्या, त्यांतून मुरलेले पाणी वर्षानुवर्षे स्लॅबमध्ये उतरत होते, त्याने आतल्या सळया गंजल्या होत्या आणि गंजलेली सळई फुगते तेव्हा ती खालचे काँक्रीट ढकलून देते. मी छताला आतून रंग देत होते आणि रोग वर, गच्चीत होता. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांनुसार, पावसाच्या पाण्याची गळती आणि छताची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. तरीही खालच्या मजल्यांवरच्या सभासदांचे म्हणणे असे पडले की ज्याच्या घरात गळते त्याने पाहावे. दोन सर्वसाधारण सभा, तीन ठेकेदारांची दरपत्रके आणि बरीच कटुता झाल्यावर जुना कोबा काढून उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा (ब्रिकबॅट) आणि त्यावर फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर (चायना मोझॅक) असे गच्चीचे काम झाले. त्यानंतर घरात सैल काँक्रीट पाडून, सळया घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने छत भरले. या सगळ्यात २६ महिने घर रिकामे राहिले. महिना ९ हजार रुपयांप्रमाणे २ लाख ३४ हजार रुपयांचे भाडे बुडाले, म्हणजे घर जेवढे स्वस्त मिळाले होते जवळजवळ तेवढेच.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जुने घर पावसाळ्यात पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये पाहिलेले कोरडे छत काहीच सांगत नाही, आणि फक्त एकाच खोलीच्या छताला ताजा रंग दिलेला दिसला तर त्याचे कारण विचारावे. वाहने लावतात त्या जागेतले खांब आणि तुळया जवळून पाहाव्यात. सळईच्या रेषेत उभी भेग गेली असेल किंवा गंजाचे तांबडे ओघळ दिसत असतील, तर ते दुखणे एका फ्लॅटचे नसून सगळ्या इमारतीचे आहे. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला भेटून आपल्या मोरीचे पाणी त्यांच्या छतातून उतरते का, हे विचारावे. महापालिकेचे पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, हे सचिवांपेक्षा जिन्यात भेटणाऱ्या बाई अधिक नेमके सांगतात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी झाले पाहिजे. तो अहवाल मागावा. तो नसेल, तर विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याआधी स्वतःचा इंजिनिअर नेऊन इमारत दाखवावी. त्याच्या फीइतका उपयोगी खर्च या व्यवहारात दुसरा नाही. संस्थेच्या मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते आणि ताळेबंदही पाहावेत. उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी, म्हणजे भविष्यातल्या मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, जमा व्हायला हवा. सभासदांनी ‘देखभाल शुल्क कमी’ म्हणून वर्षानुवर्षे समाधान मानले असेल आणि या निधीत काहीच शिल्लक नसेल, तर मोठ्या दुरुस्तीचा बोजा पुढच्या मालकावर, म्हणजे आपल्यावर पडणार आहे.

आता कागदपत्रांविषयी. बँकेत माझ्या टेबलावरून परत गेलेली बहुतेक प्रकरणे घराच्या अवस्थेमुळे नव्हे, तर कागदांच्या तुटलेल्या साखळीमुळे परत गेली. जुन्या फ्लॅटचे हात तीन-चार वेळा बदललेले असतात आणि बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक दस्त मूळ स्वरूपात हवा. विक्री करारावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागण्याची तरतूद महाराष्ट्रात डिसेंबर १९८५मध्ये आली. त्यामुळे त्याआधीचे करार नाममात्र मुद्रांकावर आणि त्यानंतरचेही काही करार अपुऱ्या मुद्रांकावर झालेले आढळतात. त्यातली तूट पुढे कोणी भरायची, हे विसार देण्यापूर्वी ठरले पाहिजे. सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढावी, वकिलाकडून मालकीच्या निदान तीस वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा. मूळ मालक वारले असतील, तर संस्थेच्या भागपत्रावर नामनिर्देशित मुलाचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण नामनिर्देशनाने इतर वारसांचा हक्क जात नाही. बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदवलेली आहेत का, हे पाहावे. माझ्या अनुभवात हाच प्रश्न सर्वाधिक वेळा पुढे आला आणि हाच सर्वांत अवघडल्यासारखा विचारला गेला. विक्रेता परदेशात राहणारा असेल, तर करकपातीचे नियम वेगळे आहेत. देशातल्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात १ टक्का कपात करायची असते. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाखांची ही मर्यादा नाही आणि कपातही कितीतरी जास्त असते. ती केली नाही तर प्राप्तिकर खाते खरेदीदाराला जबाबदार धरते. पुण्यातल्या पेठांपासून सहकारनगरपर्यंत आई-वडिलांची घरे विकणारी मुले आज मोठ्या संख्येने परदेशात आहेत, तेव्हा ही बाब अपवादात्मक राहिलेली नाही.

याहून महत्त्वाचा कागद इमारतीचा आहे. जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे हस्तांतर) संस्थेच्या नावे झाले आहे का, म्हणजे मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव लागले आहे की अजून जुन्या जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे आहे, हे नवखा खरेदीदार विचारतच नाही. बिल्डर टाळाटाळ करीत असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून सक्षम प्राधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घेण्याचा, मार्ग कायद्यातल्या २००८च्या दुरुस्तीने खुला झाला. तरी अनेक संस्थांनी अर्जसुद्धा केलेला नाही. जुन्या घराची खरी किंमत भिंतींपेक्षा जमिनीतल्या हिश्शात असते आणि जमीन संस्थेच्या नावावर नसेल, तर पुनर्विकासाच्या साऱ्या गप्पा हवेत राहतात. या गप्पांवर जास्त पैसे मोजणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगेन. समोरच्या रस्त्याची रुंदी मोजून घ्या. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळण्यावर मर्यादा येते आणि ‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार’ असे सांगितली जाणारी इमारत वीस वर्षे तशीच उभी राहू शकते. शहराच्या कडेला ‘नोटरी’वर विकली जाणारी गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांवरची, घरे आणि दक्षिण व मध्य मुंबईतल्या पागडीच्या खोल्या यांच्या वाटेला पहिल्या खरेदीत जाऊच नये. नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही आणि पागडीत आपण मालक न होता भाडेकरू होतो.

पैशांचा हिशेब मी भाच्याला कागदावर मांडून दाखवला. समजा, पुण्यात ५० लाखांचा जुना फ्लॅट आहे. पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेतीन लाख आणि नोंदणीचे ३० हजार लागतात. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ५० हजारांची सवलत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क धरले जात नाही. म्हणजे स्वतःचे १० लाख, शुल्कांचे ३ लाख ८० हजार, दलालीचे ५० हजार, दुरुस्तीचे ४ लाख, आणि संस्थेचे हस्तांतर शुल्क, ज्याची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५ हजार आहे, असे सुमारे साडेअठरा लाख रुपये हातात हवेत. शिवाय बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतो. चाळीस वर्षांच्या इमारतीला कमी रकमेचे किंवा कमी मुदतीचे कर्ज मिळणे हे मी नेहमी पाहिले आहे. आता ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी मिळाले असे धरले, तरी हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये येतो. या घराला १६ हजार भाडे मिळाले, जे मी थोडे चढेच धरले आहे, आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर १ लाख ७६ हजार येतात. देखभाल शुल्क, मिळकतकर आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता १ लाख ३५ हजारांच्या आसपास उरतात. हप्त्यांचे वर्षाचे ४ लाख १६ हजार होतात. राहिलेले २ लाख ८० हजार रुपये दरवर्षी पगारातून घालावे लागतील. ‘भाड्यातून हप्ता’ हे वाक्य आपल्या शहरांतल्या किमतींना लागू पडत नाही, आणि हे कळल्यावर त्या दोघांच्या बेतातले दुसरे घर आपोआप पुढे गेले. मिळकतकराबद्दल एक बारकावा असा की, पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असल्यास निवासी मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, आणि घर भाड्याने दिल्यावर ती राहत नाही. प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती कितीही झाली तरी. आणि नव्या करप्रणालीत व्याजामुळे आलेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. दुरुस्तीची बिले तरीही जपून ठेवावीत, कारण घरात केलेल्या भांडवली सुधारणेचा खर्च विक्रीच्या वेळी नफा काढताना उपयोगी पडतो.

दुरुस्ती कोणती करावी, याबद्दल थोडक्यात लिहिते. नळ, सांडपाण्याची नळी, वायरिंग आणि संडास-मोरीचे वॉटरप्रूफिंग यांवर सढळ हाताने, तर फॉल्स सीलिंग आणि सजावटीवर शक्यतो काहीच खर्च करू नये. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवल्याने पाडकामाचे पैसे वाचतात हे खरे, पण चाळीस वर्षांच्या स्लॅबवर वजन वाढते. संडासाची जागा बदलून ती खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणणे, किंवा खोली मोठी दिसावी म्हणून भिंत पाडणे, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि संस्थेला लेखी कळवल्याशिवाय कोणीही करू नये, मग मिस्त्री कितीही खात्री देवो.

भाडेकरूंविषयी आपल्याकडे जी भीती आहे, तिला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली. पुढे त्या कायद्यातून सुटण्यासाठी मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे भाडेकरार न करता ठरावीक मुदतीच्या वापराच्या परवान्याचा करार, करू लागले, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्याने जागेत राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूंचा दर्जा दिला गेला. ज्यांची घरे तेव्हा अडकली, त्यांनी मुलांना सांगितले की घर बंद ठेवा पण भाड्याने देऊ नका. आज पुण्या-मुंबईत कुलपे लावलेले कितीतरी फ्लॅट त्या उपदेशाचे फळ आहेत. परंतु ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने स्थिती बदलली आहे. मुदत संपल्यावर परवानाधारक जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या वापरासाठी दुप्पट शुल्क मागता येते. मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती न केल्यास दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे आणि वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे मी बँकेतल्या सुशिक्षित सहकाऱ्यांकडूनही ऐकले आहे. ते महाराष्ट्रात चूक आहे. १५ हजार भाडे आणि ५० हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आत-बाहेर आणि शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये लागते. नोंदणी ऑनलाइनही होते. एवढ्यासाठी पन्नास लाखांची मिळकत उघड्यावर ठेवण्यात काय शहाणपण आहे? त्याचबरोबर भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी. तीही ऑनलाइन देता येते.

संस्थांच्या वागण्याबद्दल मला काळजी वाटते. घर भाड्याने दिले म्हणून आकारायचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. तरी मनमानी रकमा लावल्या जातात आणि नवा मालक नवखा असल्याने त्या भरतो. अविवाहित मुले, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली, वेगळ्या धर्माचे वा वेगळ्या आहाराचे कुटुंब यांना घर देऊ नये असा दबाव येतो. माझ्या फ्लॅटमध्ये गेली सहा वर्षे एकामागून एक नोकरी करणाऱ्या मुलीच राहत आल्या आहेत. एकीनेही भाडे थकवले नाही की घराची नासधूस केली नाही. जाताना त्यांची अनामत रक्कम मी किल्ली घेतल्याच दिवशी परत करते, कारण त्यांना पुढच्या घराची अनामत त्याच दिवशी भरायची असते. रंगाच्या नावाखाली ती अडवून ठेवणारे मालक पाहिले की मला फार वाईट वाटते.

आता मूळ मागणीकडे येते. १ मे २०१७ पासून नव्या प्रकल्पाचा खरेदीदार महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जमिनीचा हक्क, मंजुऱ्या, खटले, कामाची प्रगती हे सगळे घरबसल्या पाहू शकतो. चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्याला, ज्याचा धोका निश्चितच अधिक आहे, अशी कोणतीही खिडकी नाही. सचिवांची मर्जी असेल तर तो अहवाल पाहतो, नसेल तर नाही. राज्याच्या सहकार खात्याने असा नियम करावा की, सभासदाने विक्रीचा इरादा कळवल्यावर संस्थेने पंधरा दिवसांत, ठरावीक शुल्क घेऊन, एक प्रमाणित पत्र द्यावे: शेवटचे स्ट्रक्चरल ऑडिट कधी झाले आणि त्यात काय म्हटले आहे, अभिहस्तांतरण झाले आहे का, दुरुस्ती निधी व सिंकिंग फंडात किती रक्कम आहे, या सदनिकेची थकबाकी किती आणि कोणत्या मोठ्या दुरुस्तीचा ठराव प्रलंबित आहे. ही सगळी माहिती संस्थेच्या दप्तरात असतेच. नसेल तर ती नाही, हे लेखी मिळणेही खरेदीदाराच्या दृष्टीने मोलाचे ठरेल. शेवटचे ऑडिट विक्रीच्या वेळी दाखवावे लागणार म्हटल्यावर ते वेळेवर करून घेण्याची निकडही सभासदांना वाटेल, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या डोक्यावरची छपरेही त्यामुळे सुरक्षित होतील. आपल्या पुरवणीने या मागणीचा पाठपुरावा करावा आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर स्ट्रक्चरल इंजिनिअर व सहकार कायद्याचे जाणकार यांच्याकडून नियमित लिहवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

भाच्याने आतापर्यंत तीन इमारती पाहिल्या आहेत. दोन ठिकाणी ‘तुम्ही अजून सभासद नाही’ असे सांगून अहवाल दाखवायला नकार मिळाला. तिसरीकडे सचिवांनी आपणहून कपाटातून फाइल काढून दिली, त्यातला अहवाल २००९ सालचा होता. त्यांनी नव्या ऑडिटचा विषय पुढच्या सभेत घेण्याचे कबूल केले आहे आणि ती सभा होईपर्यंत विसार द्यायचा नाही, असे त्या दोघांनी ठरवले आहे. जुलैत पाऊस लागला की ते घर पुन्हा पाहायला आम्ही तिघेही जाणार आहोत.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे